जुन्या ट्रकची ठिणगी



आज जुन्या पेट्रोल ट्रकविषयी चार गोष्टी सांगतो. हल्लीचे ट्रक बहुतेक डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनाचे मात्र ठिणगीवाचून चालत नाही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९२८ पासून १९५४ पर्यंत तिथे गाड्या जोडल्या जात. त्या काळातल्या शेव्हरलेट ट्रकचेच उदाहरण घेऊ.

असे इंजिन मिसिंग करू लागले की लोक म्हणतात, "सगळं सामान नवं टाका." पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. भरलेली गाडी घाटात बंद पडली, तर जिवावर बेतते. म्हणून सामान निवडायचे कसे, ते समजून घेऊ.

आधी ठिणगी कशी पडते ते पाहा. बॅटरीची वीज ६ किंवा १२ व्होल्टची असते. तेवढ्याने ठिणगी पडत नाही. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट असतात. ते मिटले की कॉइलमधून वीज वाहते. ते उघडले की वीज एकदम तुटते आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. पॉइंट जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.

पुढचे काम रोटरचे. शेतात दारे धरणारा गडी जसे एकेका वाफ्याला पाणी देतो, तसा रोटर एकेका प्लगला वीज देतो. पाळी ठरलेली असते. शेव्हरलेटच्या सहा सिलिंडरी इंजिनात ती १-५-३-६-२-४ अशी आहे. दोन वायरी अदलाबदल झाल्या की पाळी चुकली आणि इंजिन बिघडले.

आता खरेदीआधी प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर बहुधा पेट्रोल जास्त जाते. मग आधी कार्बुरेटर पाहावा. टोक तेलाने माखले असेल तर आत ऑइल चढते. रिंग किंवा व्हॉल्व्हचे काम निघाले आहे. तिथे नवा प्लग काय करणार? तोही चार दिवसांत माखेल.

दुकानात जाताना नंबर लिहून न्या. जुन्या गाडीचे इंजिन किंवा डिस्ट्रिब्यूटर कधीतरी बदललेले असू शकते. कागदावर एक आणि गाडीत दुसरेच! म्हणून डिस्ट्रिब्यूटरवरचा नंबर स्वतः वाचा आणि वहीत उतरवा. पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कॅप त्या नंबरावरून घ्या. जुना भागही बरोबर न्या. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा.

कॉइल घेताना व्होल्ट पाहा. १९५४ पर्यंतच्या शेव्हरलेट ट्रकला ६ व्होल्टची बॅटरी असे. पुढे पुष्कळांनी १२ व्होल्टची बसवली. १२ व्होल्टच्या काही कॉइलना बाहेरून रेझिस्टर लागतो. तो न लावल्यास पॉइंट लवकर जळतात. तेव्हा कॉइलवरचा मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्लगचे आटे नुसते बसले म्हणजे झाले, असे नाही. आट्यांची लांबीही तीच हवी. लांब प्लग आत घुसला तर पिस्टन त्यावर आपटेल. प्लग गरम आणि थंड अशा जातींचेही असतात. फार थंड प्लगवर काजळी धरते. फार गरम प्लग ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतो आणि पिस्टन जाळू शकतो. इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेला नंबरच घ्यावा.

कॅप आतून पुसून उजेडात धरा. केसाएवढी चीर किंवा काळी रेघ दिसली, तर ती बदला. पावसाळ्यात अशा कॅपमधूनच वीज भलतीकडे जाते. वायरीचे रबर तडकले असेल तर सहाही वायरी बदला.

बसवताना इंजिन बंद ठेवा आणि बॅटरीची वायर काढा. प्लगची फट इंजिनाच्या पुस्तकात सांगितली असेल तेवढीच ठेवा. पॉइंटचीही तशीच. ती डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, फिलर गेजने मोजावी. पॉइंटचा ठोकळा कॅमवर घासतो, तिथे ग्रीसचे बोट लावा. जास्त लावले तर ते पॉइंटवर उडते. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलते. म्हणून पॉइंट आधी, टायमिंग मागून.

एका वेळी एकच भाग बदला आणि इंजिन चालू करून पाहा. म्हणजे दोष कुठे होता ते कळेल. चांगला निघालेला जुना भाग टाकू नका. पुसून, चिठ्ठी लावून गाडीत ठेवा. अडल्या वेळी तो उपयोगी पडेल.

मंडळी, मिस्त्रीचा अनुभव मोठा असतो, त्याला मान द्या. पण डबीवरचा नंबर आता तुम्हांलाही वाचता येतो. वाचा, वहीतल्या नंबराशी ताडा, मगच पैसे मोजा. अक्षरओळखीचा हा रोकडा फायदा आहे.