नातवंडं डोंगरावर निघाली की आपण काय करायचं?

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात, आरतीनंतर मंदिराच्या सभागृहात एका निवृत्त डॉक्टर सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



प्रसादाची वेळ झाली आहे, तेव्हा मी लांबण लावणार नाही. विश्वस्तांनी मला सांगितलं, "डॉक्टर, मागच्या सुट्टीत तुम्ही आपल्या मुलांबरोबर हिमालयात गेला होतात. यंदाही मुलं निघाली आहेत. आजीआजोबांच्या मनात धाकधूक आहे. त्यांच्याशी बोला." म्हणून उभा राहिलो आहे.

धाकधूक असणारच. आपली ही मुलं बहारीनमध्ये वाढलेली. इथला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे जबल दुखान. तो समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरसुद्धा भरत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे इथल्या डोंगरावर डोंगर असे दहा रचले तरी कळसूबाई हाताला लागायची नाही. त्यात इथला उन्हाळा. भर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, इतकं ऊन. मुलं घरातल्या एसीतून गाडीच्या एसीत आणि तिथून मॉलच्या एसीत. अशा मुलांच्या पाठीवर आठ-नऊ किलोची सॅक देऊन त्यांना १४,००० फुटांवर न्यायचं म्हटल्यावर कोणत्या आजीला झोप लागेल?

आम्ही गेलो होतो तो हिमाचलमधला हामटा पास. इथल्या शाळांची सुट्टी जुलै-ऑगस्टची, म्हणजे तिकडे ऐन पावसाळा. या दिवसांत हिमालयातल्या बऱ्याच वाटा बंद असतात किंवा धोक्याच्या असतात. हामटा त्यातल्या त्यात जमतो, कारण ही वाट कुलूच्या हिरव्या, ओल्या खोऱ्यातून चढते आणि खिंड ओलांडली की लाहौलच्या कोरड्या, उघड्या खोऱ्यात उतरते. अलीकडे देवदार आणि ओढे, पलीकडे नुसता दगड आणि आभाळ. चार-पाच दिवसांची चाल. खिंडीची उंची साधारण ४२७० मीटर. खिंडीच्या अलीकडचा मुक्काम 'बालू का घेरा' सुमारे ३६०० मीटरवर. आपल्यातले अनेक जण केदारनाथला जाऊन आले आहेत. केदारनाथ ३५८३ मीटर. तेव्हा त्या हवेची कल्पना तुम्हाला आहे. दहा पावलं चाललं की थांबावंसं वाटतं, जेवण नकोसं होतं, रात्री झोप तुटक लागते.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. वर हवेचा दाब कमी होतो. ३६०० मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश असतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं. श्वास वाढतो, नाडी वाढते. त्याला वेळ दिला तर बहुतेकांना काही होत नाही. घाई केली तर डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, चक्कर येते. यालाच आम्ही उंचीचा आजार म्हणतो. तो अंगावर काढला आणि तसंच वर चढत राहिलं तर क्वचित मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसात पाणी होतं. मग मात्र जिवाशी गाठ असते.

या आजाराबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो अंगातली ताकद बघून येत नाही. फुटबॉलच्या संघातला धडधाकट मुलगा आडवा होतो आणि त्याची बारीक बहीण मजेत चालत असते. शर्यतीत पहिला येणारा उलट जास्त धोक्यात, कारण तो घाई करतो.

यावरचा नियम सोपा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या झोपण्याच्या जागेपेक्षा उद्याची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवायचा. आणि त्रास सुरू झाला की वर जायचं नाही. थांबून बरं वाटलं नाही, तर खाली उतरायचं. खाली उतरण्याइतकं खात्रीचं औषध दुसरं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं आहे तर डॉक्टर, काळजी कसली? काळजी ही, की हा नियम पाळायचा तर मुलानं तोंड उघडून "मला बरं वाटत नाही" असं सांगावं लागतं. आणि चौदा-पंधरा वर्षांचं मूल तेच सांगत नाही.

मागच्या वर्षीची हकीकत सांगतो. मुलीच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीनं सांगतो आहे. नाव सांगत नाही. बालू का घेऱ्याला पोहोचलो त्या संध्याकाळी ही पंधरा वर्षांची मुलगी जेवली नाही. मी विचारलं तर हसून म्हणाली, "काही नाही आजोबा, थंडीनं भूक मेली." मी नाडी बघितली, टाचेला अंगठा जोडत सरळ रेषेत चालायला लावलं. मेंदूवर परिणाम होऊ लागला की ते जमत नाही. ती नीट चालली. दोन तासांनी तिच्या तंबूतली मैत्रीण माझ्याकडे आली. पावसात भिजत आली होती. म्हणाली, "आजोबा, तिनं सांगू नको म्हटलंय, पण ती दोनदा उलटी करून आली आहे आणि दुपारपासून तिचं डोकं दुखतंय."

रात्रभर दर दोन तासांनी तिला उठवून बघितलं. सकाळी डोकेदुखी तशीच होती. दुसरा दिवस मुक्कामाचा राखलेलाच होता, त्यामुळे बाकीची मुलं तिथेच थांबली. मी, एक वाटाड्या आणि ती मुलगी असे तिघे ५०० मीटर खाली चिक्याच्या मुक्कामाला उतरलो. दुपारी तिनं दोन वेळा वरणभात मागून घेतला. खाली उतरणं हे औषध आहे म्हणतात, ते असं.

जेवण झाल्यावर मी तिला विचारलं, "काल का नाही सांगितलंस?" तिनं दिलेलं उत्तर मी आज इथे मुद्दाम सांगतो. ती म्हणाली, "बाबांनी एवढे पैसे भरलेत. आणि आजीनं देवळात सगळ्यांना सांगितलंय, माझी नात हिमालय चढतेय म्हणून."

मंडळी, यात त्या आजीचा काही दोष नाही. नातीचं कौतुक आजी नाही करणार तर कोण करणार? पण मूल डोंगरावर जाताना पाठीवरच्या सॅकमध्ये आपलं कौतुकही घेऊन जातं, आणि त्याचं वजन कोणी करत नाही. मुलांची सॅक किती जड हवी, हे आम्ही मोजून सांगतो. ५० किलोच्या मुलाला आठ, फार तर दहा किलो. या दुसऱ्या ओझ्याचं काय?

म्हणून ज्येष्ठांकडे माझं पहिलं मागणं आहे. मूल निघताना त्याला नमस्कार करू द्या, हातावर दही द्या, आणि एवढंच सांगा, "वर पोचलास तर आनंद आहे. मध्येच परत आलास तरी तेवढाच आनंद आहे." हे एकदा सांगून भागत नाही. दोनदा सांगा. मुलाच्या आईवडिलांच्या देखत सांगा, म्हणजे पैसे वाया गेले असं घरात कोणी म्हणणार नाही. फोन लागला तर "चढलास का रे?" हा पहिला प्रश्न नको. "झोप लागली का? जेवलास का? डोकं दुखतंय का?" असं विचारा. आणि ज्या मैत्रिणीनं चहाडी केली असं वाटतं, तिचं जाहीर कौतुक करा. मागच्या वर्षी खिंड ओलांडणाऱ्यांचा आपण इथे सत्कार केला. माझ्या मते पहिला नारळ त्या मैत्रिणीच्या हातात द्यायला हवा होता.

२०१८ साली महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. त्यांतले पाच जण शिखरावर पोहोचले. त्या पाचांचा अभिमान आपल्या सर्वांना आहे. पण मी डॉक्टर आहे. मला उरलेल्या पाचांचाही तेवढाच अभिमान वाटतो. तेही घरी परतले. डोंगराचा हिशोब आधी परत येण्याचा असतो, शिखर त्यानंतर.

ही रीत आपल्याला नवी नाही. आळंदीहून पंढरपूरला वारी निघते, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. पाऊस, चिखल, दिवेघाटाची चढण. पण वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. पुढे कोण, मागे कोण, सामानाची गाडी कुठे, मुक्काम कुठे, हे ठरलेलं असतं. कोणी थकलं तर दिंडीला कळतं. अमरनाथच्या यात्रेलाही आता आरोग्याचा दाखला लागतो आणि १३ वर्षांखालच्या मुलांना जाऊ देत नाहीत. देवाच्या वाटेलाही शिस्त लागते, मग सुट्टीतल्या सहलीला का नको?

आता तब्येतीच्या दोन गोष्टी, ज्या विशेषतः आपल्या इथल्या मुलांसाठी आहेत.

पहिली गोष्ट रक्ताची. बहारीनमध्ये सिकलसेल आणि जी-सिक्स-पीडी या एंझाइमची कमतरता बरीच आढळते, म्हणून इथे लग्नाआधीच्या तपासणीचा कायदाही २००४ पासून आहे. पण हे प्रश्न फक्त स्थानिक लोकांचे, असं समजू नका. सिकलसेल विदर्भातल्या अनेक समाजांत आहे. जी-सिक्स-पीडीची कमतरता आपल्याकडच्याही काही समाजांत आहे. सिकलसेलचा नुसता वाहक असलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो, पण मोठ्या उंचीवर, श्रमात आणि पाणी कमी प्यायल्यावर क्वचित त्याच्या प्लीहेला इजा होते आणि डाव्या बरगडीखाली जोरात दुखतं. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांना, म्हणजे ज्यांना लहानपणी इथला 'फूल' खाऊ नका म्हणून सांगितलेलं असतं त्यांना, काही औषधं विचारूनच द्यावी लागतात. उंचीसाठी जी गोळी सर्रास घेतात, तीही स्वतःच्या मनानं देऊ नका. जाण्याआधी महिनाभर रक्त तपासून घ्या आणि कागद बरोबर द्या. घरात कोणाला हा आजार असेल तर तो लपवू नका. मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून लपवतात, हे मी पस्तीस वर्षं दवाखान्यात पाहिलं आहे. डोंगरावर ते लपवणं फार महाग पडतं.

दुसरी गोष्ट सरावाची. डोंगर नाही म्हणून सराव होत नाही, हे खरं नाही. आपल्या इमारतींना जिने आहेत. सॅकमध्ये दीड लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या घातल्या की नऊ किलो झाले. लिफ्ट विसरायची, आणि दोन महिने, आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास जिने चढायचे-उतरायचे. उतरायचा सराव जास्त महत्त्वाचा, गुडघे तिथेच बोलतात. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालू नयेत. तेच बूट घालून पहाटे पाचला समुद्रकाठी चाला. आजोबांनी बरोबर जावं. नातवाचा सराव होईल आणि तुमची साखरही उतरेल.

शेवटी थोडं पैशाचं बोलतो, कारण बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या दिवशी मी मुलीला घेऊन खाली येऊ शकलो, कारण वर बाकीच्या मुलांपाशी दुसरा प्रशिक्षित नेता होता. एकच नेता असता तर दोनच मार्ग उरले असते. सगळ्यांनी परत फिरायचं, किंवा आजारी मुलीला वर ओढायचं. आणि आठ हजार रुपये वाचवायला निघालेली मंडळी कोणता मार्ग धरतात, हे सांगायला नको. जादा वाटाड्या, जादा मुक्कामाचा दिवस, विमा, खाली आणायच्या गाडीचा खर्च, या चार गोष्टी मुलाच्या वर्गणीतून पहिल्यांदा कापल्या जातात. जीव मात्र त्याच वाचवतात.

शिवाय आपल्यातल्या काही घरांना वर्गणी परवडत नाही. वडील छोट्या दुकानात नोकरीला, आई घरी डबे करते. त्यांची मुलं दर वर्षी "आम्हाला आवड नाही" म्हणतात. आवड असते. ते घराची लाज राखतात.

विश्वस्त मंडळानं यंदा या कामासाठी वेगळं खातं ठेवलं आहे. त्याबद्दलची विनंती अशी:

ज्यांना जमेल त्यांनी जादा वाटाड्या आणि परतीच्या खर्चासाठी देणगी द्यावी. देणगी फक्त मंदिर कार्यालयात, पावती घेऊनच द्यावी. दोन दिनारही चालतील.

घरात पडून असलेले चांगल्या स्थितीतले ट्रेकिंगचे बूट, सॅक, रेनकोट, लोकरीचे कपडे धुऊन कार्यालयात आणून द्यावेत. बुटांवर मापाची चिठ्ठी लावावी.

ज्या पालकांना मदत हवी आहे त्यांनी कार्यालयात किंवा थेट माझ्याशी बोलावं. नाव कोणालाही कळणार नाही, सत्कारात नाही आणि अहवालातही नाही.

मुलांची रक्ततपासणी आणि प्रकृती बघायला मी दर शुक्रवारी संध्याकाळच्या आरतीनंतर इथे बसतो. कागद घेऊन या, आजीआजोबांनाही घेऊन या.

जायच्या दिवशी मुलं इथे दर्शनाला येतील. त्यांना आशीर्वाद देताना माझं मागणं विसरू नका. दोनदा सांगायचं आहे.

 चला, प्रसाद घेऊया.