सही करण्याआधी
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



आत्ताच सगळ्यांची पुरणपोळी झाली आहे, त्यामुळे डोळे जड झाले असणार. त्यात माझा विषय घटस्फोट आणि व्हिसा! समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत, मी नऊ मिनिटांत संपवतो. मी वकील नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा माणूस आहे. तरीही आज उभा राहिलो, कारण गेल्या वर्षी आमच्या घरी एक फोन आला.

फोन माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा. नाव सांगत नाही, गावही नाही. लग्न होऊन ती एच-४ व्हिसावर अमेरिकेत आली. आठ वर्षं संसार केला, मुलगी झाली, नोकरीही लागली. मग बिनसलं. मारहाण नाही, आरडाओरडा नाही, दोघांचं पटेना एवढंच. समजुतीने वेगळं व्हायचं ठरलं. वकिलाने पोटगी, मुलीचा ताबा, घर, सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. तिने सह्या केल्या, कोर्टाचा हुकूम आला. तीन आठवड्यांनी वर्क परमिटच्या नूतनीकरणासाठी ती कागदपत्रं काढून बसली, तेव्हा तिला कळलं की हुकूम निघाला त्याच दिवशी तिचा एच-४ दर्जा संपला होता. तिच्या आय-९४ वर तर दीड वर्ष पुढची तारीख छापलेली होती!

"भाऊजी, म्हणजे मी आता इथे बेकायदा राहतेय का हो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वकिलाकडून जे उत्तर मिळालं ते ऐकवत नव्हतं.

असं का होतं, ते साध्या शब्दांत सांगतो. अमेरिकेत घटस्फोट राज्याच्या कायद्याने होतो, व्हिसा मात्र केंद्राच्या कायद्याखाली येतो. फॅमिली कोर्टाचा न्यायाधीश पैसा, घर आणि मुलं बघतो. व्हिसाचं काय, हे विचारणं त्याचं काम नाही. बरेचदा घटस्फोटाच्या वकिलालाही त्यातलं फारसं ठाऊक नसतं. एच-४ चा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा असतो, तो म्हणजे एच-१बी असलेल्या जोडीदाराशी कायद्याने टिकून असलेलं लग्न. २०१५ पासून काही एच-४ धारकांना मिळू लागलेलं वर्क परमिटही त्याच खांबावर उभं आहे. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाने एच-१बी वाल्याला आणि त्याच्या कुटुंबाला ६० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. घटस्फोटाला तशी मुदत नाही. आणि घटस्फोट इथेच व्हायला हवा असंही नाही; पुण्याच्या कोर्टातल्या वैध घटस्फोटानेही लग्न संपतंच.

आता यातली दिलासा देणारी बाजू. नुसतं वेगळं राहायला लागल्याने किंवा कोर्टात अर्ज केल्याने एच-४ जात नाही. अंतिम हुकूम येईपर्यंत लग्न कायद्याने टिकून असतं, आणि जोडीदाराचा एच-१बी चालू असेल तर एच-४ ही टिकतो. म्हणजे हाताशी वेळ असतो, पण तो हुकुमाच्या आधी! त्या वेळात विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येतो. कंपनी तयार असेल तर स्वतःच्या एच-१बी साठी प्रयत्न करता येतो. निदान आवराआवरीसाठी अभ्यागत दर्जा मागता येतो. दोघांचं बोलणं चालू असेल तर अंतिम हुकुमाची तारीख पुढे घ्यायला समोरच्याला राजी करता येतं. हे सगळं सहीच्या आधी. सहीनंतर यातली बहुतेक दारं बंद होतात.

ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांनी तर विशेष लक्ष द्या. १९९० च्या कायद्याने कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारण ७ टक्के ग्रीन कार्डं येतात, त्यामुळे आपली रांग किती लांब आहे ते मी सांगायला नको. नवऱ्याच्या नोकरीवरून केलेला अर्ज मंजूर व्हायच्या आधी घटस्फोट झाला, तर बायकोचा त्या रांगेतला हक्क जातो, मग दहा वर्षं थांबलेली असो की बारा. मंजूर झाल्यानंतर घटस्फोट झाला, तर नुसत्या घटस्फोटामुळे तिचं कार्ड जात नाही. एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक पडतो.

नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डवाल्याशी लग्न करून आलेल्यांचं गणित वेगळं आहे. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि पुढचा आय-७५१ अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो. पण घटस्फोट झाला तरी, लग्न खरेपणाने केलं होतं हे दाखवून एकटीला तो अर्ज करता येतो. "सही देणार नाही, मग बघ" या धमकीला घाबरून घरात कोंडून घेऊ नका.

आणि जिथे मारहाण, छळ आहे तिथे १९९४ चा व्हॉवा कायदा आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ झाला असेल, तर त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करता येतो. घटस्फोट झाला असेल आणि त्याचा छळाशी संबंध असेल, तर तो दोन वर्षांच्या आत करावा लागतो. एच-४ वाल्यांना हा मार्ग नाही, पण छळ झालेल्या एच-४ जोडीदाराला वर्क परमिट मागण्याची वेगळी तरतूद आहे, आणि गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना सहकार्य करणाऱ्यांसाठी यू व्हिसा आहे. त्याची रांगही मोठी आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: १-८००-७९९-७२३३. न्यू जर्सीतली 'मानवी' १९८५ पासून आपल्या भागातल्या बायकांसाठी काम करते आहे.

मी 'बायको' म्हणतोय खरा, पण एच-४ वर नवरेही असतात. नियम दोघांना एकच.

आता आपल्याबद्दल थोडं. आपल्याकडे कुणाचं बिनसलं की आपण म्हणतो, "त्यांच्या घरातला मामला आहे, आपण कशाला पडा मध्ये?" गणपतीला ती एकटी आली की कुजबुज होते, पुढच्या वर्षी ती येतच नाही. त्या मैत्रिणीला सहीच्या आधी आपल्यापैकी एकाने जरी विचारलं असतं, "अगं, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोललीस का?" तरी पुढचं बरंच टळलं असतं. आमच्या घरी ती चार वेळा जेवून गेली होती. मी विचारलं नाही. बरं दिसणार नाही, असं वाटलं.

आज ती नाशिकला आईवडिलांकडे आहे. मुलीची शाळा इथे, म्हणून मुलगी वडिलांकडे. कोर्टाच्या कागदावर आठवड्याआड ताबा आहे, प्रत्यक्षात आठवड्याआड व्हिडिओ कॉल आहे. मुलगी जन्माने अमेरिकन नागरिक, पण आईच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करायला ती २१ वर्षांची व्हावी लागते. आत्ता ती सात वर्षांची आहे.

आज जमणारा निधी एकाच कामासाठी आहे. अशा अडचणीतल्या कुणालाही, सही करण्याआधी, इमिग्रेशन वकिलाशी पहिली भेट मिळावी आणि तिची फी मंडळाने भरावी. नाव गुप्त राहील, कारण कुणी विचारणार नाही. ज्यांना चेक लिहायचा आहे त्यांनी जरूर लिहा. ज्यांना आज जमत नसेल त्यांनी एवढंच करा: ओळखीत कुणाचं बिनसलंय असं कळलं, तर तो अवघड प्रश्न विचारा. बरं दिसणार नाही, तरी विचारा.

नऊ मिनिटं झाली.