कराराची तिसरी सही



दोन देशांमध्ये तंत्रज्ञानाचा करार झाला की वर्तमानपत्रांत दोन गोष्टी छापून येतात : सह्या कोणी केल्या आणि रक्कम किती कोटींची आहे. या दोन्ही गोष्टींवरून त्या सहकार्याचे पुढे काय होणार हे कळत नाही. करार दिल्लीत होतो, यंत्र किंवा पद्धत मात्र कुठल्या तरी माळावर, कुठल्या तरी शिवारात उतरते, आणि तिथल्या माणसांनी ती आपली मानली तर टिकते. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, दोन सरकारांच्या कराराला ज्या गावात तो उतरतो त्या गावाचीही सही लागते. ही तिसरी सही असेल तर सहकार्य उभे राहते, नसेल तर सामानच तेवढे उरते. त्याचा पुरावा शोधायला आपल्या नगर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

भारत-जर्मन पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम १९९२ पासून महाराष्ट्रात प्रत्यक्ष सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा, तो त्यांच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेमार्फत आला. गावांच्या प्रशिक्षणाला त्यांच्या जीटीझेड संस्थेचा आधार होता आणि आपल्याकडे नाबार्डने जबाबदारी घेतली. या सगळ्यामागची कल्पना मात्र बर्लिनमधली नव्हती आणि मुंबईतलीही नव्हती. ती नगरमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंची होती. १९४८ साली ते भारतात आले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी इथल्या दुष्काळी गावांत घालवला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटर ही संस्था उभी केली. देणारा देश एक, घेणारा दुसरा आणि दोघांना जोडणारा तिसऱ्याच देशातून येऊन इथलाच झालेला माणूस, असा हा योग होता.

आता प्रश्न असा, की यात तंत्रज्ञान कोणते आले? समतल चर, नालाबांध, बांधबंदिस्ती, माथ्याकडून पायथ्याकडे काम हे आपल्याला माहीत नव्हते असे नाही. मृदसंधारणाचा कायदा मुंबई प्रांतात १९४२ सालीच झाला होता. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीत याच जिल्ह्यात हजारो हातांनी माती उपसली. तरीही त्या काळातले किती तरी समपातळी बांध शेतकऱ्यांनी स्वतःच नांगरून टाकले. कारण साधे होते : बांधाची रेषा अभियंत्याने उताराप्रमाणे काढली, ती शेताच्या हद्दी पार करून गेली आणि ज्याच्या वावरातून ती गेली त्याला कोणी विचारले नाही. शास्त्र बरोबर होते, तरी ते मोडून पडले.

भारत-जर्मन कार्यक्रमाने नेमका हा दोष हेरला. इथे आराखडा गटनिहाय झाला. तंत्रज्ञ प्रत्येक गट नंबरवर गेला, त्या शेताच्या मालकाशी आणि मालकिणीशी त्याच वावरात उभा राहून बोलला, मातीची खोली व उतार पाहिला आणि काय करायचे ते दोघांच्या संमतीने ठरले. आधी श्रमदान करून, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारून गावाने आपली तयारी दाखवायची, एका छोट्या टप्प्यावर काम करून पाहायचे आणि मग मोठा निधी. अकुशल मजुरीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके श्रम गावाने द्यायचे. पैसा गावच्या पाणलोट समितीच्या खात्यात जायचा. मी यालाच या सहकार्यातले नवसंशोधन म्हणतो. जर्मनीने ते तयार करून पाठवले नाही. जर्मन पैशाने ते इथे घडू दिले, चुकायला आणि सुधारायला वेळ दिला.

परिणामांकडे पाहू. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ साली काम सुरू झाले. पाऊस जेमतेम, उन्हाळ्यात टँकर, आणि शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिन्यांचेच काम, अशी या गावाची स्थिती होती. पाच वर्षांनंतर हेच काम नऊ-दहा महिन्यांवर गेले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने २००५ च्या आपल्या जागतिक अहवालात दरेवाडीवर स्वतंत्र प्रकरण दिले. याच तालुक्यातल्या कुंभारवाडीचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की गावाच्या शेतीचे निव्वळ उत्पन्न सुमारे नऊ पटींनी वाढले. हा अभ्यास कामाशी निगडित असलेल्या वॉटर संस्थेच्या सहकार्याने झाला होता, हे ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे. पण त्याहून मोठा पुरावा धोरणाच्या पातळीवर आहे. १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला, तो याच अनुभवाच्या जोरावर. परक्या मदतीतून घडलेली पद्धत देशाने स्वतःच्या पैशाने पुढे न्यावी, याहून चांगली पावती कुठल्या कराराला मिळत नाही.

याला पहिला आक्षेप स्वाभाविकपणे नगरकरांकडूनच येतो. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ही गावे परदेशी पैशाशिवायच उभी राहिली, मग जर्मनी हवी कशाला? आक्षेप वजनदार आहे. राळेगणचे काम या करारापूर्वी दीड दशक सुरू झाले होते, आणि श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या गोष्टी कराराने तिथूनच उचलल्या असे म्हटले तरी ते खोटे ठरणार नाही. परंतु राळेगणसारखे अण्णा हजारे किंवा हिवरेबाजारसारखे पोपटराव पवार प्रत्येक गावाला मिळत नाहीत. ज्या गावाला असा माणूस लाभला नाही, त्याला तोच रस्ता चालता येईल अशी शिस्तबद्ध, शिकवता येण्याजोगी पद्धत तयार करणे हे वेगळे काम आहे. त्याला पैसा लागतो, प्रशिक्षक लागतात, नोंदी ठेवणाऱ्या संस्था लागतात. ते काम या करारातून झाले. राळेगणने शक्यता दाखवली, कार्यक्रमाने ती इतरांच्या आवाक्यात आणली. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. चराईबंदीचा भार कोणावर पडला? दरेवाडीतही शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या धनगर वाड्यांचा या बंदीला विरोध झाला होता. डोंगर बंद झाला की ज्याला शेत आहे त्याच्या विहिरीला पाणी येते आणि ज्याला शेत नाही त्याचा कळप विकला जातो. काम चालू असताना भूमिहीनांना मजुरी मिळाली, पुढेही शेतीतले काम वाढले, हे खरे. पण पाण्याचा लाभ जमिनीच्या मापाने वाटला गेला, हेही तितकेच खरे. तिसरी सही गावाची, असे मी म्हणतो तेव्हा गाव म्हणजे फक्त सातबारा असलेले गाव, असा अर्थ घेऊन चालणार नाही.

आणि पाणी आल्यानंतरचे काय? भूजल वर आले की कांदा-टोमॅटो आले, त्यांच्यामागून बोअरवेल आल्या, आणि गेल्या दीड-दोन दशकांत प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आली. जिथे ही शेततळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरी-बोअरच्या उपशावर भरली जातात, तिथे जमिनीखाली सुरक्षित असलेले सर्वांचे पाणी उघड्यावर आणून खासगी होते आणि त्यातले बरेचसे उन्हात उडून जाते. इथे पाणलोटाचे शास्त्र कमी पडत नाही, मर्यादा घालण्याची ताकद कमी पडते. हिवरेबाजारने शेतीसाठी बोअरला आणि उसासारख्या पिकांना नकार दिला, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, म्हणून तिथे पाणी टिकले. अडवण्याचा करार झाला, उपशाचा झाला नाही, ही भारत-जर्मन अनुभवातली मोठी उणीव मी मानतो.

हाच निकष नव्या सहकार्याला लावून पाहा. इस्रायलच्या मदतीने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात डाळिंबाचे गुणवत्ता केंद्र झाले. लागवड, छाटणी, ठिबकमधून खत देणे ही तंत्रे तिथे पाहायला मिळतात आणि त्यांचा उपयोगही आहे. पण ठिबकने प्रत्येक झाडाचे पाणी वाचते आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतो. विहिरीला काहीच शिल्लक राहत नाही. यंत्र शेतकऱ्याशी करार करते, विहीर मात्र साऱ्या गावाची असते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह उडाला. एक रडार नासाचे, दुसरे इस्रोचे. दर बारा दिवसांनी तो त्याच जमिनीवरून जातो आणि मातीतली ओल, जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपू शकतो. दोन देशांच्या विज्ञानाचा हा मोठा पराक्रम आहे, मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. त्याची माहिती सर्वांना खुली ठेवण्याचे धोरण आहे. पण पारनेरच्या किंवा कर्जतच्या ग्रामसभेला ती मराठीत, आपल्या शिवाराच्या नकाशावर, रब्बीची पेरणी ठरवण्याआधी मिळाली नाही, तर ती खुली असूनही बंदच राहील.

म्हणून जलसंधारण, कृषी संशोधन व ग्रामविकास क्षेत्रांतल्या या परिषदेपुढे माझी मागणी ठोस आहे. दरेवाडी, कुंभारवाडी आणि या कार्यक्रमातल्या जिल्ह्यातल्या इतर गावांच्या विहिरींची कृषी विद्यापीठ, नाबार्ड आणि वॉटर यांनी मिळून आज पुन्हा मोजणी करावी. किती पाणी उरले, किती बोअर वाढल्या, धनगर वाड्यांचे आणि भूमिहीनांचे पुढे काय झाले, हे त्यात नोंदवावे आणि तो अहवाल आधी त्या त्या ग्रामसभेत मराठीतून वाचावा, मग दिल्लीला आणि जर्मनीला पाठवावा. यापुढे तुमच्यापैकी जो कोणी कुठल्याही परदेशी सहकार्याचा प्रस्ताव लिहील, त्याने उपशाची मर्यादा आणि माहितीवरचा गावाचा हक्क ही दोन कलमे त्यात घातल्याशिवाय तो पुढे पाठवू नये, अशी माझी तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती आहे.