वेठ आणि पोच

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, साहेबाचा मुक्काम पडला की कुंभाराने मडकी द्यावी, कुणब्याने गाडी जुंपावी आणि दाम कोणी मागू नये, ही वेठ आपल्या वाडवडिलांनी भोगली. सन १९५० च्या राज्यघटनेने २३ व्या कलमात ती गुन्हा ठरविली. त्या घटनासमितीत आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख होते.

पण दाखल्यापायी चार खेपांत बुडणारा रोज, ही वेठच नव्हे काय? आम्हीही एका कचेरीत असे तिष्ठलो, आणि मास्तर असून गप्प बसलो! मग कायदा वाचला. सन २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने यादीतील प्रत्येक सेवेस मुदत आहे. सबळ कारणावाचून ती चुकल्यास अपिलात अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. म्हणून पोच घेतल्यावाचून पायरी उतरू नका. अर्ज लिहिता येत नसल्यास रविवारी शाळेत या. आम्ही लिहून देऊ.