प्लगची साक्ष

वर्ध्याच्या बच्छराज बजाजांचे नाव लावून १९४५ साली जी व्यापारी कंपनी निघाली, तीच पुढे बजाज ऑटो झाली आणि १९५९ साली तिला दुचाकी व तीनचाकी वाहने बांधण्याचा परवाना मिळाला. तेव्हा ऑटोरिक्षाच्या दुखण्याची चौकशी वर्धेकरांनी करणे अगदीच अस्थानी नव्हे. बॅटरीच्या रिक्षांना हे दुखणेच नाही, ती गोष्ट वेगळी!

सेवाग्रामकडे भरल्या गाडीने जाताना इंजिन मिसिंग करू लागले की चालक नवा प्लग बसवतो आणि जुना फेकून देतो. आमचे भांडण आहे ते या फेकण्याशी. प्लग पुष्कळदा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर आतली जळण नीट आहे; मग टोपी, वायर आणि कॉइल तपासावी. कोरडी काजळी दिसली तर एअर फिल्टर पाहावा. टोक तेलाने ओले असेल तर जुन्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले असेल. फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. पांढरेफटक टोक मात्र सर्वांत वाईट. पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी हवा शिरते आहे. तशीच गाडी दामटली तर पिस्टन जाम होतो, आणि कर्जाचा हप्ता भरायचा तो पैसा दुरुस्तीत जातो.

प्लग काढावा तो इंजिन निवल्यावर, भोवतालची धूळ फुंकून. नवा अगोदर बोटांनीच फिरवावा. पान्याने घाई केली तर आटे वाकडे बसतात आणि हेड उतरवण्याची पाळी येते.