अमोनियम लवणे आणि द्रवस्फटिक



पदार्थाच्या घन, द्रव आणि वायू या तीनच अवस्था, असा समज शालेय पाठ्यपुस्तकांनी दृढ केला आहे. १८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना मात्र निराळाच अनुभव आला. कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळले, पण गढूळच राहिले; नितळ झाले ते १७८.५ अंशांना. या मधल्या अवस्थेत पदार्थ द्रवासारखा वाहतो, तरी त्याचे रेणू स्फटिकाची शिस्त काही अंशी पाळतात. हाच द्रवस्फटिक. पुढे ओटो लेहमान यांना अमोनियम ओलिएट या साबणवर्गीय लवणातही अशीच अवस्था आढळली.

तेथे ही शिस्त उष्णतेप्रमाणे पाण्यावरही अवलंबून असते, आणि तिचे रूप ठरते रेणूच्या घडणीवरून. सिटाइल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइडचे उदाहरण घ्यावे. त्याला धनभारित डोके आणि सोळा कार्बन अणूंची शेपटी असते. डोके पाण्याशी सख्य राखते, शेपटी पाणी टाळते. समभारित डोकी परस्परांना दूर लोटून पुष्कळ जागा व्यापतात. शेपटी एकच, म्हणून रेणू निमुळता. असे रेणू शेपट्या आत वळवून गोलक करतात. लवणाचे प्रमाण वाढले की त्यांचे लांब दंडगोल होतात आणि षट्कोनी मांडणीत रचले जातात.

याच डोक्याला दोन शेपट्या दिल्या की निमुळतेपणा जातो आणि सपाट दुहेरी थर बनतात. पेशीच्या पटलाचीही घडण अशीच असते. असे थर संपूर्ण कृत्रिम अमोनियम लवणापासूनही बनतात, हे जपानमधील कुनिताके आणि ओकाहाता यांनी १९७७ साली दाखविले.

कापड मऊ करणाऱ्या द्रवांत दोन शेपट्यांचीच लवणे वापरीत. ती निसर्गात लवकर विघटित होत नसत, म्हणून पाण्यातील जीवसृष्टीची चिंता उत्पन्न झाली. १९९० च्या दशकात युरोपात त्यांच्या जागी नवी लवणे आली. त्यांत डोके आणि शेपट्या यांच्यामध्ये एस्टर बंध घातलेला असतो. दोन शेपट्या कायम असल्याने थर बनतात, कापड मऊ होते. आणि काम झाल्यावर सूक्ष्मजीव तो बंध सहज तोडतात.

रेणूचा एक सांधा बदलला, आणि उपयोग राखून उपद्रव कमी झाला. रेणूची घडण जाणण्याचे व्यावहारिक मोल ते हेच.