कुठवर आलात?



पुस्तकांवर बोलायचं म्हटलं की वक्ते मंडळी वाचलेल्या पुस्तकांची यादी काढतात. माझ्याकडे तशी यादी नाही. मी आज आमच्या कल्याणमधल्या एका बैठकीबद्दल बोलणार आहे. या बैठकीला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणीही नाही. पारनाक्याजवळच्या एका जुन्या घरात, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता, आठदहा माणसं जमतात. ज्यांचं हे घर त्या पूर्वी शाळेत मराठी शिकवायच्या, म्हणून आम्ही सगळेच त्यांना 'बाई' म्हणतो. चहा होतो आणि मग बाई उजवीकडून सुरुवात करतात : ''सध्या काय वाचताय?''

प्रश्नातला 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा. शाळेत असताना काय वाचलं होतं, तरुणपणी कुठल्या कादंबरीने रडवलं होतं, ते इथे चालत नाही. आज तुमच्या उशाशी कुठलं पुस्तक उपडं घातलेलं आहे, एवढंच सांगायचं. शिवाय 'छान आहे' म्हणायला बंदी. छान आहे म्हणजे काय आहे, ते सांगा. त्यानंतर बाईंचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ''कुठवर आलात?''

या दुसऱ्या प्रश्नाने माझी फजिती केली, तीच आधी सांगतो.

एका शेजाऱ्यामुळे २०१२ मध्ये मी पहिल्यांदा तिथे गेलो. नुकताच निवृत्त झालो होतो, घरात बसून कंटाळलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी भारदस्त आवाजात सांगितलं, ''सध्या महाभारताचं मराठी भाषांतर हातात घेतलंय.'' सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी विचारलं, ''वा! कुठवर आलात?''

आता महाभारतात 'कुठवर' म्हणजे काय सांगणार? मी म्हटलं, ''युद्ध सुरू व्हायचंय अजून.'' कोपऱ्यात बसलेला कॉलेजातला मुलगा पटकन म्हणाला, ''म्हणजे उद्योगपर्व का, काका?'' मी हो म्हटलं. त्याने पुढचं काही विचारलं असतं तर मी तिथेच आडवा झालो असतो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला गृहपाठ न केलेला मुलगा ओळखता येतोच.

खरं असं होतं, की तेव्हा सात वर्षं मी वर्तमानपत्राशिवाय काही वाचलेलं नव्हतं. कारण होतं २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण उल्हास नदीने कल्याण-बदलापूर पट्ट्यात काय केलं, ते आम्हा इथल्या लोकांना विचारा. आमचं घर तळमजल्यावर, वालधुनीच्या बाजूला. आम्ही जिवानिशी वर शेजाऱ्यांकडे गेलो. दोन दिवसांनी दार उघडलं, तर पुस्तकांची दोन्ही कपाटं पाण्याने फुगून बसली होती. दारं उघडेनात. पुस्तकं फुगली की कपाटाचं दार आतून दाबून धरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटी पहारीने फळ्या तोडल्या. साडेचारशेच्या आसपास पुस्तकं होती, पगारातून पैसे वाचवून तीस वर्षांत घेतलेली. पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. रद्दीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, ''ओली नाही घेत, साहेब.'' मग ती पोत्यांत भरून मी स्वतःच कचऱ्याच्या गाडीत टाकली.

लोकांची माणसं गेली होती त्या पुरात. त्यापुढे पुस्तकांचं दुःख काय सांगायचं? म्हणून कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर पुस्तक विकत घ्यावंसं वाटेना आणि वाचनालयाची पायरीही चढवेना.

आणि वाचनालय तरी कुठे लांब होतं? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. आगगाडी कल्याणला आली १८५४ मध्ये. म्हणजे गाडी आल्यावर दहा वर्षांत या गावाने वाचनालय काढलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतरचं, १८९३ चं. डोंबिवलीकर यावर रागावतील, पण त्यांनी पुस्तकांची देवाणघेवाण करणारे मोठे सोहळे भरवून आणि २०१७ मध्ये साहित्य संमेलन भरवून ती भरपाई केली आहे. असो.

दुसऱ्या बैठकीला मी जाणार नव्हतो. गेलो, आणि पाळी आल्यावर म्हटलं, ''मी काहीच वाचत नाहीये. महाभारताचं खोटं सांगितलं होतं.'' पुराचंही सांगून टाकलं. कुणी हळहळलं नाही, त्याबद्दल मी आजही त्या मंडळींचा ऋणी आहे. बाई एवढंच म्हणाल्या, ''बरं. पुढे कोण?''

पुढे होते रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन. बैठक संपल्यावर त्यांनी जिन्यात मला गाठलं आणि पिशवीतून बाबुराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा काढून दिली. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर आमच्या पिढीने पुस्तकाच्या आत पुस्तक लपवून रात्री काढल्या. मोटरमन म्हणाले, ''पाय मोडल्यावर माणूस लगेच गड चढत नाही. आधी अंगणात चालतो.'' ते पुस्तक मी त्या रात्री एका बैठकीत संपवलं. त्यातलं आज काही आठवत नाही. पहाटे दोनला दिवा बंद करताना मला पुढचं पुस्तक हवं होतं, हे मात्र आठवतं.

या मोटरमनचं एक वाक्य आमच्याकडे फार प्रसिद्ध आहे. ते म्हणायचे, ''नोकरीभर माझ्या पाठीमागे शेकडो माणसं पुस्तकं वाचत बसलेली असायची आणि मी एकटा सिग्नल वाचायचो.'' निवृत्तीनंतर ते अधाशासारखे वाचत होते. गुप्तहेर, प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, काहीही. त्यांना एकच खोड होती, शेवट सांगून टाकायची. यावरून दर महिन्याला भांडण व्हायचं.

गाडीत वाचणारी माणसं आमच्यात पुष्कळ. एक ताई मुंबईत कचेरीत जातात. त्यांचं सगळं वाचन कल्याण ते घाटकोपर. चौथ्या सीटवर अर्ध्या बसून, एक हात वरच्या कडीला आणि एका हातात पुस्तक. त्या पुस्तकं वजनावरून निवडतात. पाचशे पानांच्या पुढचं पुस्तक एका हातात धरवत नाही, असं त्यांचं साधं गणित आहे. म्हणून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर त्यांचं भारी प्रेम. १९५५ सालची ही कादंबरी बारीक आहे आणि एका हातात मावते. त्या म्हणाल्या, ''माणदेशात पाऊस पडत नाही, मेंढरं मरतायत, आणि मी भर जुलैत मुलुंडच्या पुढे पाण्यात थांबलेल्या गाडीत ते वाचतेय. मला त्या मास्तरचा राग आला. गाव उठून जात असताना हा नुसता बघतोय.'' त्यावर बाई म्हणाल्या, ''तो विशीतला पोरगा आहे. त्याने काय करायला हवं होतं?'' अर्धा तास त्यावर गेला.

पण आमचं सर्वांत मोठं भांडण झालं ते आनंदीबाईंवरून. डॉ. आनंदीबाई जोशी आमच्या गावच्या, ३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी लग्न, पहिलं मूल दहा दिवसांत गेलं, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. २०१९ मध्ये त्यांच्यावरचा चित्रपट आला आणि त्यानंतर आमच्यातल्या चौघांनी एकदम श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' वाचायला घेतली. एकाने त्याच्या जोडीला अंजली कीर्तने यांचं चरित्रही आणलं, १९९७ चं. त्यामुळे कादंबरीत काय आहे, चित्रपटात काय घेतलं आणि कागदपत्रं काय सांगतात, अशी तिरंगी लढत जुंपली.

मोटरमन म्हणाले, ''माणूस तऱ्हेवाईक होता, कबूल. पण त्या काळात बायकोला शिकवलं, सातासमुद्रापार पाठवलं. उपकार म्हणायचे की नाही?''

गाडीतल्या ताई एरवी शांत बोलतात. त्या म्हणाल्या, ''काका, माझं लग्न झालं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. सासरच्यांनी पुढे शिकू दिलं. वीस वर्षं झाली, अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आम्ही हिला शिकू दिलं. शिकले मी. परीक्षेला बसले मी. शिकू दिलं म्हणून आयुष्यभर आभारच मानत राहायचे का?''

कुणी काही बोलेना. चहा गार झाला. त्यानंतर दोन महिने ताई आल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात आल्या, त्या मोटरमनच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, ''काका, कीर्तन्यांचं पुस्तक वाचलंत का?'' मोटरमनने वाचलं होतं, अगदी टिपणं काढून. ते म्हणाले, ''माझं थोडं चुकलं. सगळं नाही चुकलं, पण थोडं चुकलं.'' बैठकीत याच्यापुढे समेट जात नाही. दुसऱ्याच्या पुस्तकावर मत देताना माणूस स्वतःचं किती सांगून जातो, हे मला त्या दिवशी दिसलं. आनंदीबाईंच्या रक्षेची जागा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. तिकडे आणि इकडे दोन्हीकडे त्यांचं घर होतं, असं ताई म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे, पण ते मी बैठकीतच सांगेन.

मार्च २०२० मध्ये बैठक बंद झाली. मग कॉलेजातल्या मुलाने, तोवर तो नोकरीला लागला होता, आम्हा सगळ्यांना एकाच वेळी फोनवर जोडायला शिकवलं. दुसरा रविवार, चार वाजता. बाईंना तोवर दिसेनासं झालं होतं. छापील अक्षराच्या मधोमध काळा ठिपका येतो, असं त्या सांगायच्या. म्हणून त्यांना फोनवर वाचून दाखवायला सुरुवात झाली. पहिलं पुस्तक बाईंनीच सांगितलं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिचं पुस्तक आता अक्षर न दिसणाऱ्या बाईंना आम्ही आळीपाळीने वाचून दाखवत होतो. बाहेर रुग्णवाहिका ओरडत जायच्या आणि फोनवर सात-आठ माणसं एकदम खो खो हसायची. माझी 'स्मृतिचित्रे'ची प्रत पुरात गेली होती. वाचून दाखवायला म्हणून मी ती नव्याने विकत घेतली. पुरानंतर मी पैसे देऊन घेतलेलं ते पहिलं पुस्तक.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मोटरमन गेले. चार दिवसांत गेले, आम्हाला बघताही आलं नाही. पावसाळ्यानंतर त्यांचा मुलगा बाईंच्या घरी एक पुस्तक परत द्यायला आला. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. आत खूण म्हणून रेल्वेचा जुना पास होता, झाशीच्या वेढ्याच्या जरा अलीकडे. शेवट सांगणाऱ्या माणसाचा शेवट वाचायचा राहून गेला होता.

ते पुस्तक मी मागून घेतलं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये कर्ज फेडायला दक्षिणा मिळावी म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघतात, आणि नेमके बंडात सापडतात. भिक्षुकाला इतिहासाशी काही देणंघेणं नाही. त्याला जीव आणि दक्षिणा सांभाळून घरी जायचंय. म्हणूनच त्याचं सांगणं खरं वाटतं. ज्यांच्या सांगण्यावरून भटजींनी हे लिहिलं ते भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य जन्माने आमच्या कल्याणचे. त्यांनी ते भटजींच्या पश्चात १९०७ मध्ये छापलं, तेही बरेच फेरफार करून. मूळ मोडी बखरीवरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती आली १९६६ मध्ये. हे मला बैठकीतल्या त्या मुलाने सांगितलं. मी भटजींची स्तुती करत होतो आणि त्याने विचारलं, ''काका, पण तुम्ही वैद्यांचं वाचताय की पोतदारांचं?'' पुन्हा माझी दांडी उडाली. वैद्यांचं वाचत होतो. आता पोतदारांचं मिळवून पहिल्यापासून सुरुवात केली आहे. वेगळंच पुस्तक वाटतंय. भटजी जरा जास्त भित्रे आहेत यात, आणि मला जास्त आवडतायत.

बैठक पुन्हा बाईंच्या घरी भरते. बाईंना आता फक्त आवाज ओळखू येतात. परवाच्या रविवारी ताईंची पाळी आहे वाचून दाखवायची, त्यानंतर माझी. मोटरमनचा पास मी तसाच खुणेला ठेवला आहे. तो आता त्यांच्या जागेच्या पुढे, वेढ्याच्या आत सरकलाय. तोफा सुरू झाल्यात, शहरात पाणी नाही आणि भटजींना घरची आठवण येतेय. बाई विचारतील तेव्हा एवढं खरं सांगता येईल.